माप: फॉल्स

मामांचं कोल्हापुरात चप्पल लाईनला चपलांचं दुकान आहे. बिलाचं सॉफ्टवेअर करून देतो, असं मी दिवाळीत मोठ्या तोंडानं बोलून बसलो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, पायक्यूटी (त्यात खिडक्या, बटणं करायचं साधन) नवीन. खिडकी, रकाने, बेरीज एका रविवारात झालं. अडलं ते बटणांवर.

सहा ते दहा अशा मापांची पाच बटणं लूपमध्ये केली आणि प्रत्येकाचा क्लिक्ड सिग्नल, म्हणजे बटण दाबल्याची खूण, एकेका लॅम्डाला (बिननावाच्या छोट्या फंक्शनला) जोडला. कुठलंही बटण दाबा, बिलात दहाच! लॅम्डा मापाचा आकडा साठवत नाही, बटण दाबल्यावर बघतं. तोवर लूप दहावर येऊन थांबलेला असतो. इंटरनेटवर उपाय मिळाला: लॅम्डाच्या सुरुवातीलाच माप=माप लिहा, म्हणजे त्या वेळचं माप त्यात राहतं. लिहिलं. आता बिलात 'कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), माप फॉल्स'.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही कुठली साईज काढलीस रं?"

दोन रात्री गेल्या. स्पेलिंगं तपासली, पायक्यूटी काढून पुन्हा टाकलं (आठवलं की अजून चिडचिड होते). शेवटी लॅम्डा काढून साधं फंक्शन जोडलं आणि हातात येईल ते सगळं छापायला लावलं. काळ्या खिडकीत एकच शब्द: फॉल्स. हे पहिल्याच रात्री करायला हवं होतं. तो उपाय टीकेइंटरचा, पायथॉनच्या तसल्याच दुसऱ्या साधनाचा होता. तिथं बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनला (कॉलबॅकला) काहीच देत नाही. क्यूटीचा (पायक्यूटी ज्यावर उभं आहे त्याचा) क्लिक्ड मात्र बटण दाबलेल्या स्थितीत आहे का, हे सोबत पाठवतो. साध्या बटणाला ते कायम फॉल्स, म्हणजे 'नाही'. आणि ते येऊन माझ्या मापाच्या जागेवर बसत होतं! मग लॅम्डात पहिली जागा 'चेक्ड'ला दिली, माप=माप दुसरीकडे सरकवलं. आठ दाबलं, आठ आलं. रात्री दीडला एकटाच टाळ्या पिटल्या.

हां, कनेक्टमध्ये (सिग्नल जोडायच्या आज्ञेत) फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. पुढं कंस टाकले की ते तिथल्या तिथं चालतं आणि कनेक्टच्या हातात त्याचं उत्तर पडतं, माझ्या बाबतीत नन, म्हणजे काहीच नाही. मग एरर.

दुकानात बसवल्यावर आणखी एक निघालं. तिसऱ्या बिलाला एका क्लिकवर तीन जोड चढायला लागले. "धंदा वाढला की," मामा म्हणाले. 'नवं बिल' दाबलं की मी तीच बटणं पुन्हा कनेक्ट करत होतो, आणि क्यूटी जुनी जोडणी आपणहून तोडत नाही. सगळे कनेक्ट खिडकी तयार होते तिथं एकदाच लिहिले. मामांनी तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचं बिल हातानंच करून दिलं होतं.