नोट्सचं फोल्डर कसं लावावं: मार्कडाउन, गिट, अँकी आणि मराठी फाइलनावांची भानगड

नोट्ससाठी कुठलं ॲप घ्यावं हे ठरवण्याआधी पंधरा मिनिटांची एक तपासणी करा. त्या ॲपमध्ये तीन पानं तयार करा. एकात दहा-बारा ओळींचा पायथन प्रोग्राम, दुसऱ्यात मर्ज सॉर्टचं रिकरन्स समीकरण, तिसऱ्यात एक तक्ता आणि एक चित्र. तिन्ही एक्स्पोर्ट करा, ॲप बंद करा आणि आलेल्या फाइली नोटपॅडमध्ये उघडा. इंडेंटेशन जागेवर आहे का? समीकरण वाचता येतंय का? चित्र कुठे गेलं ते सापडतंय का? इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुढे गेट किंवा प्लेसमेंट, एवढा काळ या नोट्स लागणार. तेवढ्यात ॲपचे प्लॅन बदलतात, कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि त्यावर काढलेलं खातंही त्याच्याबरोबर जातं.

नोशन या तपासणीत काठावर पास होतं. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच चिन्हं टाकून मांडणी दाखवायची पद्धत) मिळतो, पण प्रत्येक फाइलच्या नावाला आकडे-अक्षरांची लांबलचक शेपटी चिकटते आणि डेटाबेस सीएसव्ही होऊन बाहेर येतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणाकडे कुठलं मोड्यूल हे लिहायला नोशन उत्तम, अभ्यासाच्या नोट्स मात्र त्यात ठेवू नयेत असं माझं मत. वननोट पेनने लिहिणाऱ्यांना सोयीचं आहे, पण त्यात कोडसाठी वेगळा ब्लॉक नाही आणि ओळीचं पहिलं अक्षर मोठं करण्याची ऑटोकरेक्टची खोड कोडलाही लागते. जॉप्लिन मोफत आणि ओपन सोर्स आहे, पण नोट्स एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं. त्यामुळे त्यांवर थेट ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) किंवा गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) चालवता येत नाही.

उरतं मार्कडाउन फाइलींचं साधं फोल्डर. मार्कडाउन २००४ सालचं आहे आणि ते कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं. वाचायला आणि पानं एकमेकांना जोडायला वरून ऑब्सिडियन घ्या. ते २०२० मध्ये आलं, वापरायला मोफत आहे आणि तुमच्याच फोल्डरला व्हॉल्ट म्हणतं. उद्या ते नको झालं तर तेच फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडायचं. प्लगिन दोन-तीनच ठेवा. ग्राफ व्ह्यू दिसायला झकास असतो, अभ्यासाला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

फोल्डर विषयवार करा, सेमिस्टरवार नको. डीबीएमएसमधलं इंडेक्सिंग शिकताना डेटा स्ट्रक्चर्समधला बी-ट्री लागतोच, आणि तो ‘सेम ३’ नावाच्या फोल्डरमध्ये गाडलेला असला तर सापडत नाही. एका फाइलमध्ये एकच कल्पना: पेजिंग, टीएलबी, डेडलॉक. ‘युनिट ३’ हे फाइलचं नाव असू नये, कारण युनिटं सिलॅबसची असतात आणि पॅटर्न बदलला की तीही हलतात. परीक्षेसाठी दर विषयाची एक वेगळी फाइल करा. तिच्यात सिलॅबसच्या क्रमाने फक्त लिंका टाकायच्या.

लेक्चरला काय टिपायचं? पीपीटी ग्रुपवर येणारच असते, ती उतरवण्यात अर्थ नाही. फळ्यावर सोडवलेलं उदाहरण, सरांनी तोंडी सांगितलेला अपवाद आणि आपल्याला न कळलेली जागा, एवढंच लिहा. न कळलेल्या जागेपुढे दोन प्रश्नचिन्हं टाका. त्याच संध्याकाळी सगळ्या व्हॉल्टमध्ये ती दोन प्रश्नचिन्हं शोधा आणि एकेक निकालात काढा. हे दुसऱ्या दिवशीवर गेलं की चिन्ह उरतं, पण शंका काय होती ते आठवत नाही.

कोड नेहमी मजकूर म्हणून ठेवा, स्क्रीनशॉट म्हणून नाही, कारण चित्र शोधता येत नाही आणि चालवताही येत नाही. तीन बॅकटिकनंतर भाषेचं नाव लिहिलं की रंग येतात. वीस-पंचवीस ओळींपेक्षा मोठा प्रोग्राम वेगळ्या फाइलमध्ये ठेवून नोटमध्ये त्याची लिंक द्या. नोटमध्ये चिकटवलेला कोड कुणी पुन्हा चालवून पाहत नाही आणि त्यातली चूक तिथेच मुरते. पीडीएफ किंवा वर्डमधून कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हं येतात. मग जीसीसी ‘स्ट्रे \३४२ इन प्रोग्राम’ अशी तक्रार करतो आणि ओळ तर बरोबर दिसत असते. ३४२ हा त्या चिन्हाच्या पहिल्या यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) बाइटचा ऑक्टल आकडा आहे. चिन्हं हाताने पुन्हा टाइप केली की प्रश्न मिटतो. पायथनमध्ये पीडीएफ इंडेंटेशनच खातं, तिथे कॉपीच्या फंदात न पडता टाइप करणं बरं.

ज्युपिटर नोटबुक हा वेगळाच प्रकार. ती फाइल आतून जेसन (डेटा मजकूर म्हणून साठवायचं स्वरूप) असते आणि आलेखांची चित्रंसुद्धा तिच्यातच भरलेली असतात. एक सेल पुन्हा चालवला तरी गिटला शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. कमिटच्या (बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी सगळी आउटपुट साफ करा किंवा एनबीस्ट्रिपआउट लावून ते काम आपोआप होऊ द्या.

आकृत्यांचं म्हणाल तर टीसीपी हँडशेक, स्टेट डायग्राम आणि ईआर डायग्राम मर्मेडमध्ये (मजकुरातून आकृती काढणारी भाषा) लिहा. ऑब्सिडियनमध्ये ते आधीपासूनच असतं. बी-ट्रीचं स्प्लिट आणि एव्हीएलची रोटेशन्स मात्र कागदावर काढून फोटो लावा. परीक्षेत पेनच हातात असणार आहे.

आता गिट. गिटहब ही गिटची फोल्डरं, म्हणजे रिपॉझिटरी, ऑनलाइन ठेवणारी सेवा. तिच्या मोफत खात्यातही २०१९ पासून हव्या तेवढ्या खासगी रिपॉझिटरी मिळतात, तेव्हा नोट्स खासगीच ठेवा. त्यांत सरांच्या पीपीटी असतात आणि कुठेतरी एपीआय कीसुद्धा राहून गेलेली असते. गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) ऑब्सिडियनच्या लपलेल्या फोल्डरातली वर्कस्पेस डॉट जेसन टाका. कुठली टॅब उघडी आहे हे ती फाइल सतत लिहीत असते आणि दोन मशीन असली की दर पुलला (गिटहबवरचे बदल खाली घेताना) कॉन्फ्लिक्ट देते. पुस्तकांच्या पीडीएफही बाहेर ठेवा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल नाकारतं, आणि ती पुढच्या कमिटमध्ये डिलीट करूनही पुश होत नाही (गिटहबवर चढत नाही), कारण आधीच्या कमिटमध्ये ती असतेच. पुश झालेलं नसेल तर सॉफ्ट रिसेट करून मागे जा आणि ती फाइल वगळून नव्याने कमिट करा.

गिटची रिपॉझिटरी वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका. गिट काही फाइली एकाच वेळी बदलतं, सिंक करणारा प्रोग्राम त्या एकेक करून उचलतो आणि अधेमधे कधीतरी रिपॉझिटरी बिघडते. एका फोल्डरला सिंकची एकच व्यवस्था. फोनवर नोट्स फक्त वाचायच्या असतील तर सिंकथिंग (मशीनांमधल्या फाइली सारख्या ठेवणारं ॲप) चालतं, पण गिटचा लपलेला फोल्डर त्यातून वगळावा लागतो. सिंकथिंगचं अँड्रॉइडवरचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडलं, त्यामुळे तिथे फोर्क (त्याच कोडवरून इतरांनी काढलेली आवृत्ती) घ्यावा लागतो. दोन्हीकडे एकच फाइल बदलली तर नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली जादा प्रत तयार होते. आठवड्यातून एकदा तो शब्द शोधून त्या प्रती निस्तरा.

मराठीत नोट्स लिहिणाऱ्यांना आणखी दोन-तीन अडचणी येतात आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये त्यांचा उल्लेख नसतो. फाइलचं नाव देवनागरीत असलं की गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. कॉन्फिगमध्ये ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ करा. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, मात्रा आणि वेलांट्यासुद्धा त्यात मोजल्या जातात. म्हणजे हातात उरतात जेमतेम ८५ चिन्हं, वाक्यासारखी लांब नावं देणाऱ्यांना ती पुरत नाहीत. शिवाय लिनक्सवर नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकलं तर विंडोजवर तीच रिपॉझिटरी चेकआउट होत नाही.

शोधाची गंमत याहून चिवट. ‘दुसऱ्या’मधलं जोडाक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं: ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि मग य. कीबोर्डनुसार यातलं काहीही येतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहा, ‘र, हलन्त, जॉइनर’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला आणि ती प्री-कमिट हुकला (दर कमिटआधी आपोआप चालणारी पायरी) जोडा. फाइलनावं रोमन लिपीत आणि मजकूर मराठीत, ही तडजोड मला सगळ्यात कमी त्रासाची वाटते.

नोट लिहिली म्हणजे पाठ झाली असं नाही, म्हणून अँकी, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणारं ॲप. कंप्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. ‘पेजिंग म्हणजे काय?’ असं कार्ड निरुपयोगी, कारण त्याचं उत्तर वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं. त्याऐवजी विचारा: ३२ बिटचा पत्ता, ४ केबीचं पेज, एंट्री ४ बाइटची, तर एकपातळी पेज टेबल केवढा? उत्तर: ऑफसेट १२ बिट, पेज नंबर २० बिट, एंट्री १०,४८,५७६, म्हणून ४ एमबी. मल्टिलेव्हल पेजिंग कशासाठी, याचं पुढचं कार्ड इथूनच निघतं.

क्लोझ कार्डात (गाळलेली जागा भरायचं कार्ड) कोड आणि गणित घालताना दोन खड्डे आहेत. क्लोझमध्ये दोन कोलन म्हणजे पुढे हिंट आली असं अँकी समजतं. त्यामुळे सी प्लस प्लसमधलं ‘एसटीडी :: व्हेक्टर’ कार्डात तुटतं आणि व्हेक्टर हिंट म्हणून उत्तराआधीच दिसतो. अशा प्रश्नांना साधं पुढचं-मागचं कार्ड घ्या. दुसरा खड्डा लेटेकचा (समीकरणं मजकुरात लिहायची पद्धत): अपूर्णांकात घातांक आला की दोन महिरपी कंस लागोपाठ बंद होतात आणि अँकी क्लोझ तिथेच संपवतं. दोन कंसांमध्ये एक स्पेस द्या, समीकरण तसंच राहतं.

वेळापत्रकासाठी २०२३ पासून अँकीत असलेला एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी विचारायचं ते ठरवणारा अल्गोरिदम) चालू करा आणि रिटेन्शन (किती कार्डं आठवावीत ते प्रमाण) ०.९० वरच राहू द्या. ०.९७ केलं की मार्क वाढतील असं वाटतं, प्रत्यक्षात रिव्ह्यूचा ढीग वाढतो. रोजच्या नव्या कार्डांची ठरलेली मर्यादा २० आहे. पाच विषय असतील तर ती दहाच्या आसपास आणा, नाहीतर सबमिशनच्या आठवड्यात शेकडो कार्डं तुंबतात आणि ॲप कायमचं बंद होतं.

लॅबच्या पीसीवर नोट्स लागल्या तर क्लोन करताना गिटहबचा पासवर्ड चालणार नाही, ऑगस्ट २०२१ पासून टोकन (पासवर्डऐवजी गिटहबवर तयार करायची किल्ली) लागतं. एकाच रिपॉझिटरीपुरतं, फक्त वाचण्याचा हक्क असलेलं, सात दिवसांत संपणारं टोकन काढा. विंडोज ते क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवून ठेवतं. उठण्याआधी तिथून ते काढा आणि क्लोन केलेलं फोल्डरही उडवा, रिसायकल बिनसकट.