सासूबाई आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ग्रँड कॅन्यनमध्ये उतरलो त्याचा अनुभव

जूनच्या सुरुवातीला आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण कडेवरून, गाईड घेऊन खाली सीडर रिज नावाच्या टप्प्यापर्यंत गेलो आणि त्याच दिवशी परत वर आलो. सासूबाई 64 वर्षांच्या आहेत त्यामुळे बऱ्याच जणांनी विचारलं कसं जमलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गाईड बघताना पहिलं विचारायचं ते नॅशनल पार्कचा परवाना आहे का, कारण परवान्याशिवाय पैसे घेऊन तिथे कुणाला नेता येत नाही. आमच्या बुकिंगसोबत एक लांबलचक फॉर्म आला, वय, वजन, गुडघे, चालू असलेल्या गोळ्या. सासूबाईंची बीपीची गोळी लिहायची की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, नवरा म्हणे उगाच नाही म्हणतील. मी लिहिलीच. दोन दिवसांनी गाईडचा स्वतःहून फोन आला, गोळी नेमकी कुठली, त्यात लघवी जास्त होण्याचं औषध आहे का, सकाळी घेतात की रात्री, आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय येऊ नका असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांशी बोललो, मगच पुढचं ठरलं. त्या एका फोनने माझा तिच्यावर विश्वास बसला.

आम्ही उतरलो ती वाट साउथ कायबॅब, तिच्या सुरुवातीपर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. पहाटेच्या बसने गेलो, स्वेटर घालून, कारण रिम 2,100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि सकाळी चांगलीच थंडी असते. बाटल्या तिथेच काठोकाठ भरून घेतल्या, खाली वाटेवर पाण्याचा एक थेंब मिळत नाही. मी विचारलं असं का, तर गाईडने सांगितलं की जवळची ब्राइट एंजल वाट जमिनीतल्या एका मोठ्या भेगेच्या (फॉल्टच्या) बाजूने जाते, तिथे झरे आहेत, पण 1920च्या दशकात त्या वाटेवर एक खाजगी माणूस टोल घ्यायचा म्हणून पार्कने ही वेगळी वाट काढली, ती थेट डोंगराच्या धारेवरून. म्हणून इथे पाणी नाही, सावली जवळजवळ नाही, पण दोन्ही बाजूंनी अख्खी दरी दिसते.

आपल्याला गडांची सवय, आधी चढायचं, दमलो तर तिथून मागे फिरायचं, उतार सोपा. इथे सगळं उलटं आहे हे डोक्याला माहीत असूनही पायांना पटत नाही. उतरताना इतकं छान वाटतं की वेळ कळतच नाही, आणि जसजसं खाली जाल तसतसं ऊन वाढत जातं, म्हणजे सगळ्यात दमवणारा भाग सगळ्यात गरम वेळी येतो. गाईडने पहिल्याच वळणावर सांगितलं, उतरायला जितका वेळ त्याच्या दुप्पट चढायला धरा.

मुलाला नाद लागला तो धुळीचा. वर वाट पांढुरकी, त्या चुनखडीत समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे असतात, म्हणजे एके काळी तिथे समुद्र होता. थोडं खाली फिकट पिवळा दगड, त्यात तिरक्या रेघा, गाईड म्हणाली या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, दगड होऊन राहिलेल्या. मग एकदम लाल. त्याचे बूट आधी पांढरे, मग पिवळट, मग विटेसारखे लाल झाले आणि तो दर वळणावर थांबून पाय दाखवत होता, आज्जी बघ, आता लाल आली.

मध्ये खेचरांची रांग आली. अशा वेळी वाट सोडून डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, आणि शेवटचं खेचर लांब जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. सासूबाईंनी नातवाचं मनगट घट्ट धरलं होतं, खेचराच्या पोटाचा पट्टा आमच्या नाकासमोरून गेला.

सीडर रिज म्हणजे वरून दीड मैल, साधारण 340 मीटर उतार. लाल मोकळी जागा, थोडी झाडं, संडास आहे, पाणी नाही. आणि दरीच्या तळाची कोलोरॅडो नदीही दिसत नाही! नदी पहिल्यांदा दिसते ती आणखी दीड मैल खाली स्केलेटन पॉइंटला. मुलगा तिच्यासाठीच आलेला, तो रडकुंडीला आला, आणि खरं सांगते मलाही वाटलं जाऊया की, सगळे ठीक आहेत. गाईडने घड्याळ दाखवलं, आमच्या बाटल्या हातात घेऊन हलवून बघितल्या आणि म्हणाली इथूनच परत. नवऱ्याने जरा हुज्जत घातली. ती शांतपणे म्हणाली, तुम्हाला आत्ता बरं वाटतंय, म्हणूनच आत्ता फिरायचं.

चढताना तिने सासूबाईंना सगळ्यात पुढे ठेवलं आणि सगळ्यांनी त्यांच्याच चालीने चालायचं, बोलताना धाप लागली तर चाल जास्त झाली समजायचं. वाटेत लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या आहेत, उंच उंच, तिथे हातातल्या काठ्यांचा खूप उपयोग झाला. बसलो की पाय दगडावर वर टेकवून पाच-सात मिनिटं. सासूबाईंना आधी लाज वाटत होती, दुसऱ्या वेळी स्वतःच म्हणाल्या, पाय वर करूया का गं.

त्रास झाला तो नवऱ्याला. तो सारखं पाणी पीत होता आणि खात काहीच नव्हता, भूक नाही म्हणे. अर्ध्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळ. मी घाईने आणखी पाणी पुढे केलं तर गाईडने माझा हात थांबवला. नुसतं पाणी ढोसलं आणि घामातून मीठ गेलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, ते धोक्याचं असतं, आणि लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. सावलीच्या एका पट्ट्यात बसवून तिने त्याला खारे बिस्किट आणि शेंगदाणे थोडे थोडे खायला लावले, पाणी घोट घोट. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. आम्ही स्केलेटन पॉइंटला गेलो असतो तर हे कुठे झालं असतं हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

वर पोचलो तेव्हा सासूबाई गाईडचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभ्या होत्या. भाषा येत नाही, पण तिला कळलं.

संध्याकाळी गाडी घेऊन रिमवरच्याच लिपान पॉइंटला गेलो, तिथून नदी दिसते. मुलगा कठड्याशी गेला, खाली बघून म्हणाला, आई एवढीशी? आणि मग बाकी कुणाशी न बोलता ऊन जाईपर्यंत बघत राहिला, बुटांवर लाल धूळ तशीच.