हरेगावच्या वाटेवर नावांची वही

हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला दिंडी निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी वही माझ्या हातात दिली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. बावीस वर्षं हरेगावला वही त्यांनीच नेली. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली. "शर्टाच्या आत ठेव. पाऊस आला तर आधी वही, मग तू," एवढंच ते बोलले.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं. पन्नासेक ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थना मंदिर. धर्मग्रामाचं मोठं चर्च दूर आहे, तिथल्या फादरांकडे बरीच गावं, त्यामुळे आमच्याकडे मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना, महिन्यातून एकदा होते. उरलेले रविवार मास्तर आणि बायामाणसं मिळून चालवतात. मास्तर म्हणजे कॅटेखिस्ट, गावात धर्मशिक्षण देणारे आणि प्रार्थना चालवणारे. मिशनच्या काळापासून आमच्या भागात हाच शब्द आहे. मयत असो की बारसं, पहिल्यांदा दारात मास्तर उभे. चर्च म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी त्यांची सायकल येते, हँडलला अडकवलेल्या पिशवीसकट.

ज्यांना मतमाउलीच्या यात्रेला येता येत नाही, त्यांची नावं वहीत असतात. नावापुढे मागणं. सुनेला दिवस जाऊ देत. नवऱ्याची दारू सुटू दे. बोअरला पाणी लागू दे. मशिदीजवळच्या खाला दरवर्षी नातवाचं नाव लिहायला लावतात, त्याला अजून नीट बोलता येत नाही. यंदा एकशे एकोणचाळीस नावं होती.

शुक्रवारी पहाटे निघालो. पुढे निळा-पांढरा झेंडा, मागे टाळ-मृदंग, सगळ्यात शेवटी सामानाचा टेम्पो. शुक्रवार म्हणून जपमाळेची दुःखाची रहस्ये, म्हणजे 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणत येशूच्या दुःखाच्या प्रसंगांचं मनन. बाया पहिली ओळ म्हणत, पुरुष दुसरी उचलत, आणि त्या तालावर पाय आपोआप पडत जात. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच कणसांवर आलेली बाजरी. राहुरी फॅक्टरीच्या पुढे गणपतीच्या मांडवातल्या पोरांनी स्पीकर बंद करून चहा दिला. "माउली, वाईच टेका की," म्हणाले. हरेगावच्या वाटेवर आम्हालाही माउलीच म्हणतात.

देवळाली प्रवराच्या पुढे पावसानं गाठलं. आडोसा नव्हताच. मी वही पोटाशी धरून वाकलो, तरी पाणी मानेवरून आत उतरलं.

मुक्काम बेलापूरला, प्रवरेच्या काठी, एका मंगल कार्यालयात. पिठलं-भाकरी झाली, पायांना तेल लागलं, आणि वाचायला वही उघडली तर मधलं एक पान शाईच्या पेननं लिहिलेलं. सगळं निळं ओघळलेलं. बारा ओळी होत्या हे कळत होतं, नाव एकही लागत नव्हतं. मला रडू आलं.

एक जण म्हणाला, "त्या पानाचा सगळ्यांचा मिळून एक 'नमो मरिया' म्हणू, देवाला कळतंय." माझी आत्या उठून बसली. "बाप्तिस्म्याला फादरांनी तुझं नाव एकट्याचं घेतलं होतं का गठ्ठ्यानं?" कोणी काही बोललं नाही. तिनंच मास्तरांना फोन लावायला सांगितला.

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. मास्तरांनी कुठलं पान एवढंच विचारलं आणि घरांच्या क्रमानं सांगत गेले. पिंपळाजवळचं घर, त्यातली थोरली, तिचं मागणं. मग शेजारचं घर. त्यांना गाव असं पाठ आहे. मी दुसऱ्या कागदावर उतरवत होतो. अकरा नावं झाली आणि ते म्हणाले, "झालं." मी म्हटलं, "मास्तर, बारा ओळी दिसतात." थोडा वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "राहू दे ती."

आम्ही प्रत्येक नावाला एक 'नमो मरिया' म्हटली. पाऊण तास लागला. बाराव्या ओळीला आत्यानं मास्तरांचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी ती जरा मोठ्यानं म्हटली.

शनिवारी आनंदाची रहस्ये. दुसरं रहस्य मरिया एलिझाबेथला भेटायला जाते ते. पोटुशी पोर डोंगराळ मुलखात घाईनं गेली असं लूक लिहितो. आत्या दर वर्षी इथं थांबून पोरींना सांगते, "तीही आपल्यासारखी वाट चाललीय." त्या एका वाक्यासाठी मी हे रहस्य ऐकतो.

आत्याचं सासर संगमनेरच्या पठारावरचं, कोरडं. 'बोअरला पाणी' हे मागणं वाचताना तिला फादर हर्मन बाखर आठवले. हे स्विस जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, 1948 साली भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळात त्यांचं आयुष्य गेलं. पाणी डोंगरमाथ्यावरच अडवा आणि ते काम गावानं स्वतः करा, हा त्यांचा आग्रह. 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी 'वॉटर' ही पाणलोटाची संस्था उभी केली. आत्याच्या लेखी बांध घालणं आणि जपमाळ म्हणणं एकाच धर्मातलं काम आहे. मलाही तसंच वाटतं.

श्रीरामपूर ओलांडल्यावर पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याबरोबर चालत होता. वहीत त्याच्या आईनं त्याचं नाव दिलेलं. त्याचा पणजा महारवाड्यातला, ख्रिस्ती झाला तरी वस्ती तीच राहिली, गावानं वागवलंही तसंच. पण अनुसूचित जातींत कोण धरायचं हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात आम्ही बसत नाही. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात. हा अन्याय आहे. मुलगा तक्रार करत नव्हता. धावण्याची वेळ किती सेकंदांनी कमी करायची आहे, ते मला सांगत होता.

मग हरेगाव. कधीकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यानं गजबजलेलं गाव. संत तेरेजा चर्चच्या आवारात 1949 पासून सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मसणाच्या सुमाराला ही यात्रा भरते. 2023 साली अमृतमहोत्सव झाला. नाशिक धर्मप्रांतातून, मराठवाड्यातून, पुण्या-मुंबईकडून माणसं येतात. साड्या बांधून केलेले आडोसे, तीन दगडांच्या चुली, चुकलेल्या पोरांची नावं सांगणारा कर्णा. वितळलेल्या मेणाचा वास कपड्यांत असा बसतो की घरी दोन धुण्यांनंतरही येतो.

संध्याकाळी महागुरुस्वामींनी, म्हणजे बिशपांनी, मिस्सा अर्पण केली. अर्पणाच्या वेळी वही मी दोन्ही हातांनी धरली होती. मतमाउलीपुढे रांग सरकत सरकत पोचली तेव्हा स्वयंसेवकानं पुढे व्हा, पुढे व्हा केलं. मेणबत्ती लावण्यापुरता वेळ मिळाला. आत्यानं तेवढ्यात वहीचा कोपरा मूर्तीच्या चौथऱ्याला टेकवला.

सोमवारी सकाळी मास्तरांकडे गेलो. ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"सलाम मास्तर."

"सलाम. सगळी वाचली?"

"वाचली. बारावीसुद्धा."

त्यांनी मान खाली घातली आणि वही घेतली. ते निळं पान उलगडून ओट्यावर उन्हात ठेवलं, चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, आणि मला म्हणाले, "खालांकडे जाऊन ये आधी. नातवाचं नाव घेतलं का, म्हणून कालपासून दोनदा विचारून गेल्यात."