करंगळी घालून बघितलेलं हत्यार

दरवर्षी २ ते ८ जानेवारी आमच्याकडं पोलीस रेझिंग डे सप्ताह असतो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, त्याची ही आठवण. शाळांना बोलावतात, श्वान पथकाचा कुत्रा सलाम करून दाखवतो, वायरलेसवाले बोलून दाखवतात. पण पोरांची खरी गर्दी होते ती शस्त्रांच्या टेबलांपुढं. ती टेबलं माझी. जिल्हा मुख्यालयात मी चोवीस वर्षं आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आहे.

आदल्या संध्याकाळी बेल ऑफ आर्म्समधून, म्हणजे आमच्या शस्त्रागारातून, एकेक हत्यार बट नंबर बघून नोंदवहीत चढवतो आणि बाहेर काढतो. .३०३, एसएलआर आणि इन्सास या रायफली, आखूड नळीची कार्बाईन, एके-४७, पिस्तूल, .३८ रिव्हॉल्वर, गॅस गन. मॅगझिन काढायची, कॉक करायचं, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघायचं. नुसतं बघून भागत नाही, त्यात करंगळी घालायची. अंधाऱ्या चेंबरमध्ये डोळा फसतो, करंगळी फसत नाही. मी बघतो, मग जोडीदार, मग आरपीआय, म्हणजे राखीव पोलीस निरीक्षक साहेब. जिवंत राउंड, म्हणजे खरी काडतुसं, मैदानाच्या फाटकाच्या आत येऊ देत नाही. टेबलावर मांडायचे ते ड्रिल राउंड, सरावाची बिनदारूची काडतुसं. इतकं केल्यावरच चादर अंथरतो.

या तपासणीमागं एक गोष्ट आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी गार्ड बदलताना एका जवानानं कार्बाईन रिकामी करायला घेतली. ९ मिलीमीटरची कार्बाईन कॉक केली की तिचा ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीमागचा लोखंडी ठोकळा, मागंच थांबतो. ट्रिगर दाबला की तो पुढं येतो, येताना मॅगझिनमधला राउंड उचलतो आणि चेंबरमध्ये बसवता बसवताच उडवतो. त्यानं क्रम चुकवला. मॅगझिन तशीच ठेवून कॉक केली आणि ‘खाली आहे’ म्हणून ट्रिगर दाबला. पायाची दोन बोटं गेली. हत्यार माझ्या ताब्यात आलं तेव्हा त्याला तेलाचा वास होता. म्हणजे आदल्या दिवशीच साफ केलेलं होतं. तो निष्काळजी नव्हता. माझ्या बघण्यातल्या चांगल्या शिपायांपैकी होता.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी एका शाळेची साठ-सत्तर पोरं आली, तिसरी ते सातवी. हल्ली पोरांना बंदुकांची नावं आमच्या भरतीच्या पोरांपेक्षा जास्त पाठ असतात, सगळी पबजीतनं आलेली. एकानं विचारलं, “काका, एडब्ल्यूएम कुठाय?” दुसरं अगदीच लहान होतं. त्यानं रिव्हॉल्वरकडं बघून विचारलं, “हिच्यात टिकल्या कुठं घालायच्या?” त्याला मी उचलून घेतलं आणि सिलिंडरची सहा भोकं दाखवली.

रांग लांब, वेळ कमी. साहेबांनी सांगितलं, “हातात द्या रे, पोरं खूश झाली पाहिजेत.” एक फोटोवालाही आलेला होता. तो प्रत्येकाला म्हणायचा, “इकडं नेम धर, कॅमेऱ्याकडं.” म्हणजे सकाळभर प्रत्येक नळीचं तोंड एका जिवंत माणसावर. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. उलट बाई घाबरायला लागल्या की मीच मोठ्यानं सांगत होतो, “काही होत नाही मॅडम, सगळी रिकामी आहेत.” हे वाक्य त्या दिवशी मी पन्नासदा तरी म्हटलं असेल.

साडेअकराच्या सुमारास मी इन्साससमोर दोन मुलींना स्लिंग, म्हणजे खांद्याचा पट्टा, कसं अडकवायचं ते दाखवत होतो. शेजारच्या टेबलावर पाचवीतल्या एका मुलानं रिव्हॉल्वर उचललं. त्याचा ट्रिगर लहान हाताला जड जातो, हॅमर न उचलता दाबायचा तर फारच. त्यानं दोन्ही हातांची तर्जनी आत घातली आणि मित्राच्या कपाळावर, वीतभर अंतरावरून, दाबायला सुरुवात केली. मला आधी हॅमर उठताना दिसला. मग सिलिंडर फिरताना. हे यंत्र मी शेकडो वेळा खोलून जोडलंय, कुठल्या क्षणी काय सुटतं ते मला हाताला ठाऊक आहे. मित्र नळीत एक डोळा घालून हसत होता. टक्.

मी टेबल ओलांडून गेलो ते मला आठवत नाही. रिव्हॉल्वर माझ्या हातात होतं, सिलिंडर उघडलेला होता आणि माझी करंगळी एकेका भोकात फिरत होती. सहाही रिकामी. मुलगा दचकला होता. म्हणाला, “काका, तुम्हीच म्हटलात ना रिकामी आहे?”

त्याचं खरं होतं. मी काही बोललो नाही. शाळेचे सर म्हणाले, “जाऊ द्या हो, पोरं आहेत,” आणि रांग पुढं सरकली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात तोच मुलगा, नेम धरलेला.

संध्याकाळी मी साहेबांना म्हटलं, उद्यापासून हातात नको. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, “कायद्यानं परवान्याला २१ वर्षं लागतात, हात लावायला नाही. आणि रिकाम्या बंदुकीनं कोण मेलंय?” मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २००८, मॅसॅच्युसेट्समधलं वेस्टफील्ड, बंदूकशौकिनांचा मेळावा. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मायक्रो उझी दिली. मिनिटाला हजाराच्या वर गोळ्या सोडणारं आखूड हत्यार. नळी वर चढली, गोळी त्याच्याच डोक्याला लागली. वडील शेजारी चित्रीकरण करत होते. तिथंही जागा ठरवलेली होती, हत्यार देणारं माणूस होतं, कोणाला वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. साहेब म्हणाले, “ती भरलेली होती.” तेही खरंच. आमचं तसं नाही. पण त्या मुलाला माझ्या टेबलावर काय शिकायला मिळालं, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही. माणसावर धरायची, दाबायची, टक् वाजतं, सगळे हसतात.

पोरांना बंदुकीपासून लांबच ठेवा असं माझं म्हणणं नाही. माझी भाची कोल्हापूरला एअर रायफल शिकते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही माणसं त्याच जिल्ह्यातली, तिथं घराघरात या खेळाची बोलणी असतात. भाचीला पहिला महिनाभर ट्रिगरला बोट लावू दिलं नव्हतं. नुसतं उभं राहणं आणि श्वास. रायफल पेटीतून निघाली की नळीत रंगीत दोरी, तिचं टोक बाहेर लोंबतं. मग लांबूनही कळतं की चेंबरमध्ये काही नाही. सुट्टीत आमच्याकडं आली तेव्हा धाकट्या भावाची टिकल्यांची बंदूक तिनं हातानं खाली केली आणि म्हणाली, “माणसाकडं नाही.” ती बारा वर्षांची आहे. हे तिला कोणीतरी रोज, कंटाळा न करता सांगितलंय. आमच्याकडं एका पोराला मिळतो अर्धा मिनिट, त्यातही निम्मा फोटोला.

या जानेवारीसाठी मी नोव्हेंबरातच अर्ज दिलाय. हत्यारं दोरीच्या पलीकडं ठेवावीत, द्यायचंच तर एकच एसएलआर, सँडबॅगवर, तोंड मातीच्या बांधाकडं, आणि एका वेळी एकच मूल. फोटो मागून काढावेत. अर्ज आरपीआय साहेबांच्या टेबलावर आहे, शेरा अजून आलेला नाही.

भगव्या नायलॉनची दहा मीटर दोरी मात्र मी आणून ठेवली आहे. काल बसून तुकडे केले. रायफलींना सरळ बसतात. रिव्हॉल्वरला नळीतून घालून एका भोकातून मागं काढली, तर सिलिंडर मिटतच नाही. तीनदा करून बघितलं.