२६ वेळा तेच पालुपद

वेंगुर्ल्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत बायबलमधील १३६ वे स्तोत्र वाचण्याची प्रथा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पाळकांनी वचनाचा पूर्वार्ध वाचायचा आणि मंडळीने ‘कारण त्याची दया सनातन आहे’ असे उत्तर द्यायचे. वचने २६, म्हणून उत्तरही २६ वेळा. लहानपणी दहाव्या-बाराव्या उत्तरानंतर माझे सारे लक्ष घरी ठेवलेल्या नेवऱ्यांच्या डब्याकडे लागलेले असे.

ते पालुपद टोचू लागले ते मोठेपणी. आरंभीची वचने सोपी आहेत: आकाश, जलांवर पसरलेली भूमी, दिवसासाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र आणि तारे. त्यांतले भूमीचे वचन किनाऱ्यावरचा माणूस जरा जपूनच म्हणतो, कारण पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेताना आणि थंडी पडेपर्यंत तिच्यातली बरीचशी परत आणून टाकताना त्याने दरवर्षी पाहिलेले असते. परंतु दहाव्या वचनात मिसर देशातील प्रथमजन्मलेले मारले जातात, पुढे सीहोन आणि ओग हे राजे मारले जातात, आणि तरीही उत्तर तेच राहते. हे स्तोत्र मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांच्या तोंडचे आहे, हे स्पष्टीकरण मला मान्य आहे. तरी दहाव्या वचनाशी माझा आवाज आजही थोडा खाली येतो.

ज्याला आपण येथे ‘दया’ म्हणतो तो मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’ आहे. दया म्हटले की वरून खाली टाकलेली भीक डोळ्यांपुढे येते. हेसेदमध्ये मात्र करार आहे, शब्द पाळणे आहे, सोडून जाण्यासारखे कारण असतानाही न सोडणे आहे. बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकात नामी आपल्या विधवा सुनांना निरोप देताना हाच शब्द वापरते, म्हणजे तो माणसांच्या वागण्यालाही लागू पडतो. त्यामुळे ‘सनातन’ या विशेषणाचा अर्थ मी ‘सतत सुखकारक’ असा घेत नाही.

हेच पालुपद एज्राच्या पुस्तकातही आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक मंदिराचा नवा पाया घालतात, याजक कर्णे वाजवतात आणि सगळे परमेश्वराच्या सनातन दयेचे स्तवन करतात. त्याच वेळी जुने मंदिर डोळ्यांनी पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडू लागतात, आणि आनंदाचा आवाज कोणता व रडण्याचा कोणता हे लोकांना ओळखता येत नाही. लिहिणाऱ्याने त्या वृद्धांना गप्प केले नाही, किंवा त्यांचा विश्वास कमी पडला असेही म्हटले नाही, याबद्दल मला त्याचे फार कौतुक वाटते.

आमच्याकडे स्तोत्र संपल्यावर ज्याला वाटेल त्याने सरत्या वर्षातील एखादी गोष्ट एका ओळीत सांगायची असते, आणि मंडळी पुन्हा तेच उत्तर देते. बहुतेक ओळी ठरलेल्या असतात: शस्त्रक्रिया नीट पार पडली, नातू झाला, वादळात होडी सुखरूप परतली. काल रात्री आई उठली आणि म्हणाली, “जुलै महिन्यात माझ्या घरचे माणूस गेले.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग पुढच्या बाकावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी उत्तर दिले, मागून इतरांनी, एकेकाने, सूर न जुळता. मी उत्तर दिले की नाही, हे मला खरोखरच आठवत नाही.

घरी परतताना किनाऱ्याकडून पर्यटकांच्या फटाक्यांचे आवाज येत होते (हा आमच्याकडचा अलीकडचा उपद्रव आहे), आणि बाबांनी लावलेल्या कलमांना आलेल्या मोहोराचा वास कुंपणापर्यंत पोहोचला होता. ती ओळ तू का म्हणालीस, असे मी आईला विचारले. कुलूप उघडता उघडता ती म्हणाली, “वायट झाला म्हणान ओळ गाळूची काय?”

माझी ओळ मी दुपारीच कागदावर लिहून ठेवली होती आणि तो कागद अजून खिशातच होता. त्यावर मुलीला लागलेल्या नोकरीचा उल्लेख होता, बाबांचा नव्हता.