साडेसहापर्यंत निकाल सांगू नका

श्टुटगार्टचं स्टेडियम आमच्या घरापासून लोकलने दहा-बारा मिनिटांवर आहे. तरी शनिवारी दुपारी साडेतीनला सुरू झालेली फुटबॉलची मॅच मी बघतो ती संध्याकाळी साडेसहानंतर, तीही तुकड्यांमध्ये. माझा धाकटा भाऊ मात्र कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी बसून तीच मॅच मोबाईलवर थेट बघतो. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात सात वाजलेले असतात. "दादा, तू नक्की जर्मनीतच राहतोस ना?" हा त्याचा ठरलेला टोमणा.

इथे बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतली सर्वांत वरची फुटबॉल लीग, थेट बघायची तर दरमहा वेगळे पैसे मोजावे लागतात. एआरडी या सरकारी नव्हे पण सार्वजनिक वाहिनीवर साडेसहाला 'श्पोर्टशाऊ' हा हायलाइट्सचा कार्यक्रम लागतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. म्हणजे फुकट नाहीच, कारण घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला महिन्याला 18.36 युरो वर्गणी भरावीच लागते. हा कार्यक्रम 1961 पासून चालू आहे. 1988 मध्ये लीगचे हक्क खाजगी वाहिन्यांकडे गेले आणि पार 2003 मध्ये परत आले. ती मधली पंधरा वर्षं खालच्या मजल्यावरचे आजोबा अजून विसरलेले नाहीत.

या आजोबांमुळेच मला हायलाइट्सचं व्यसन लागलं. शनिवारी साडेतीन ते साडेसहा ते निकालाचं सोवळं पाळतात. फोन बंद. बाहेर पडायचं नाही, कारण पाच-साडेपाचनंतर लोकलमधून लाल-पांढरे गळपट्टे घातलेली माणसं उतरतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लिहिलेला असतो. आजी स्वयंपाकघरात रेडिओवर सगळ्या मैदानांवरचं एकत्र समालोचन ऐकते. त्यामुळे तिला सगळं माहीत असतं. त्या वेळेत आजोबा तिच्या तोंडाकडे बघत नाहीत. कॉफीचा कपसुद्धा खाली मान घालून घेतात.

मला पहिल्यांदा हे खुळचट वाटलं होतं. मग आमच्याकडचा कट्टा आठवला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या दोन संघांची मॅच झाली आणि शाळेमुळे जायला मिळालं नाही, की रात्री कट्ट्यावर ती ऐकायला मिळायची. सांगणारा तयारीचा असला तर तो आधी निकाल सांगायचाच नाही. "थांब की लेका, अजून हाफटाइम व्हायचाय." श्पोर्टशाऊचं नेमकं तेच. साडेतीनच्या मॅचेस एकामागून एक येतात, बहुतेक वेळा सर्वांत गाजलेली शेवटी, आणि प्रत्येक मॅच शून्य-शून्यपासून नव्याने सांगितली जाते. आठला बातम्या, त्याआधी सगळं आटोपतं. (साडेसहाला सुरू होणारी एक मॅच यात सापडत नाही. ती रात्री उशिरा झेडडीएफ या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीच्या 'श्पोर्टस्टुडिओ'त दिसते. तिथे पाहुण्याला भोकं पाडलेल्या लाकडी भिंतीवर सहा किक मारायला लावतात आणि आजवर कुणाच्या सहाही किक आत गेलेल्या नाहीत. जर्मनीचा महान खेळाडू बेकनबाउअर, त्याने तर 1994 मध्ये एक चेंडू बिअरच्या ग्लासावर ठेवून आत घातला होता. आजोबा ते काल घडल्यासारखं सांगतात.)

हायलाइट्स खोटं बोलतात, हेही खरं. दोन वर्षं टीव्हीवर बघून एका फॉरवर्डला मी देव मानत होतो. स्टेडियमवर गेलो तर हा गडी तासभर नुसता चालत होता. शिव्या खात सगळीकडे पळणारा, मोकळ्या जागा बुजवणारा भलताच कुणीतरी होता आणि तो मी कधी पाहिलाच नव्हता, कारण जो गोल होतच नाही त्याचं फुटेज दाखवत नाहीत. गोलकीपरचंही तसंच. त्याच्या आठवडाभरातल्या दोन चुका तेवढ्या आपल्या लक्षात राहतात.

14 मे 2022. हंगामाचा शेवटचा शनिवार. श्टुटगार्टने कोलोनला हरवायचं आणि तिकडे हेर्टा बर्लिनने डॉर्टमुंडमध्ये हरायचं, असं दोन्ही जमलं तरच दुसऱ्या विभागात जाण्याची टांगती तलवार टळणार होती. मी कोल्हापूरच्या तालमीतल्या मित्रांचा ग्रुप म्यूट केला होता. पण सव्वापाचनंतर भावाचा थेट व्हिडिओ कॉल आला. घरचा फोन म्हणून उचलला, नेमका बाल्कनीत. पलीकडे पोरं नाचत होती, "एंडो! एंडो! एंडो!"

खालच्या बाल्कनीत आजोबा जिरॅनियमला पाणी घालत होते. झारी तशीच वर राहिली. मराठीतलं बाकी काही नाही, पण आपल्या कॅप्टनचं नाव त्यांना कळणारच. त्यांनी वर पाहिलं, काहीच बोलले नाहीत आणि आत निघून गेले.

साडेसहाला मी चोरासारखा त्यांच्या दारात उभा. आजीने आत घेतलं. आजोबा म्हणाले, "बसा. नाव कळलंय. कितवा गोल ते कुठे कळलंय?"

सुरुवातीलाच पेनल्टी वाया गेली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच मारली होती. मग कालाइजिचचा हेडर, 1-0. हा एंडो नव्हे. दुसऱ्या हाफमध्ये कोलोनच्या मोडेस्टने बरोबरी केली. तिकडे डॉर्टमुंड 2-1 पुढे गेलं. घड्याळ नव्वदवर आलं आणि एंडोचा पत्ता नाही. आजोबा माझ्याकडे वळले. "एंडोच म्हणाले ना तुमचे भाऊ?"

मी कार्पेटकडे बघत राहिलो.

ब्याण्णवावं मिनिट, कॉर्नर. इटोच्या डोक्याला लागून चेंडू पलीकडे, आणि एंडो. 2-1. कोच मॅटाराझो मैदानात धावला.

आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. या भागात म्हण आहे की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी फोन खाली माझ्याकडे आणून द्या."

"आजोबा, हंगाम संपला."

"मग ऑगस्टमध्ये."

आजीने स्वयंपाकघरातून बिअरच्या तीन बाटल्या आणल्या. त्या थंडगार होत्या, म्हणजे तिने त्या सव्वापाचलाच फ्रिजमध्ये ठेवल्या असणार.