त्यांच्याच फोनवरून झालेले व्यवहार

बँकेच्या फसवणूक तक्रार विभागात येणाऱ्या बहुतेक प्रकरणांचा उलगडा पहिल्या काही प्रश्नांतच होतो. कोणी फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगितलेला असतो, तर कोणी बनावट संकेतस्थळावर पासवर्ड भरलेला असतो. एका निवृत्त शिक्षिकेच्या तक्रारीत यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या खात्यातून रात्री लागोपाठ मोठ्या रकमा अनोळखी खात्यांत गेल्या होत्या, आणि आमच्या नोंदींनुसार ते सगळे व्यवहार त्यांच्याच नोंदणीकृत फोनवरून, त्यांचाच पिन आणि त्यांच्याच क्रमांकावर आलेला ओटीपी वापरून झाले होते. “मी कोणालाही काही सांगितलेलं नाही, फोन रात्रभर माझ्या उशाशी होता,” हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

अशा नोंदी हाती असल्या की ‘व्यवहार ग्राहकानेच केला’ असा शेरा मारून प्रकरण बंद करणे सोपे असते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण नोंदीवरून फोन कोणता होता एवढेच कळते. त्यावरची बटणे कोणी दाबली हे कळत नाही. म्हणून मी त्यांना विचारले, “त्या रात्री फोनवर नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं होतं का?” थोडा वेळ आठवून त्या म्हणाल्या की, झोपण्यापूर्वी स्क्रीन काळी झाली होती आणि ‘अपडेट सुरू आहे, फोन बंद करू नका’ असा मजकूर बराच वेळ दिसत होता. तेव्हाच मला शंका आली.

त्यांच्या संमतीने मी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वाय-फाय बंद असल्याची खात्री केली आणि सेटिंग्जमधली अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी उघडली. ज्यांना नीट दिसत नाही किंवा स्क्रीनला हात लावणे जमत नाही, त्यांच्यासाठी ही सोय असते; ती मिळालेले अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकते आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबू शकते. बँकिंग ट्रोजन, म्हणजे उपयोगी अ‍ॅपच्या वेषात फोनमध्ये शिरून खात्यातले पैसे चोरणारा प्रोग्रॅम, नेमका याच परवानगीच्या मागे असतो. ती एकदा मिळाली की टाइप केलेला पिन टिपणे, आलेला ओटीपी वाचणे आणि वर काळी चादर पांघरून खाली व्यवहार उरकणे, हे सारे फोन मालकाच्या हातात असतानाच होऊ शकते.

यादीत पार्सलचा ठावठिकाणा दाखवणारे म्हणून घेतलेले एक अ‍ॅप चालू होते, पण होम स्क्रीनवर त्याचे चिन्ह कुठेच नव्हते. ते काढण्यासाठी मी त्याच्या माहितीचे पान उघडले, तर ‘अनइन्स्टॉल’वर बोट टेकण्याआधीच पान मिटले आणि होम स्क्रीन आली. पुन्हा उघडले, पुन्हा तेच झाले. शेजारी बसलेल्या बाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा पहिल्यांदा कमी झाला.

हे अ‍ॅप मेसेजमधल्या लिंकवरून आले होते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, अधिकृत स्टोअरबाहेरून अशा रीतीने घेतलेल्या अ‍ॅपला ही परवानगी थेट देता येऊ नये म्हणून ‘प्रतिबंधित सेटिंग’चा अडसर घातलेला आहे; पण तो वापरकर्त्याला स्वतःहून दूर करता येतो. ‘कुरिअर कार्यालयातून’ बोलणाऱ्या माणसाने बाईंकडून एकेक पायरी करून घेत नेमके तेच साधले होते. त्याने ओटीपी विचारलाच नाही, त्यामुळे त्यांना संशय येण्याचे कारणच नव्हते.

काहीही पुसण्याआधी मी दुसऱ्या कॅमेऱ्याने प्रत्येक स्क्रीनचे फोटो काढून ठेवले, कारण घाईने फॅक्टरी रिसेट केला की पुरावाही जातो. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. तिथे बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, म्हणून पान मिटले नाही. अ‍ॅपने घेतलेला डिव्हाइस अ‍ॅडमिनचा, म्हणजे फोनवर नियंत्रण देणारा, अधिकार आधी रद्द करावा लागला, त्यानंतरच ते निघाले. तरीही त्या फोनवर विसंबणे मला मान्य नव्हते. खात्याला जोडलेली त्याची नोंदणी रद्द केली, बाईंनी शाखेतल्या स्वच्छ यंत्रावरून पिन आणि ईमेलचा पासवर्ड बदलला, आणि त्यांचे फोटो व संपर्क जपून फोन पूर्ण रिसेट केला. जुन्या बॅकअपमधली अ‍ॅप्स परत आणली नाहीत; लागतील तेवढीच अधिकृत स्टोअरमधून नव्याने घेतली. सिमलाही पिन लावला, म्हणजे फोन चोरीला गेला तरी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवता येणार नाही.

अहवालात मी स्क्रीनचे फोटो, मेसेज आणि व्यवहारांच्या वेळा एकत्र मांडल्या. ‘ग्राहकाने ओटीपी उघड केला’ हा रकाना मी रिकामा ठेवला आणि खाली कारण सविस्तर लिहिले. तक्रार फेटाळली गेली नाही. तेव्हापासून आमच्या विभागात तक्रार नोंदवून घेताना ओटीपीच्या प्रश्नाआधी अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत काय चालू आहे, हे पाहिले जाते.